जर्मनटाऊन: फिलाडेल्फियाच्या पोटातलं गाव

(नकाशा. चौकटीचे सरळ रस्ते, त्यांना छेदत जाणारी एक तिरपी रेघ.)

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे रस्ते पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याच्या माणसांनी काटकोनात आखले. ही रेघ मात्र त्या आखणीच्या आधीची. लेनापे या मूळ रहिवाशांची ती पायवाट. आज तिला जर्मनटाऊन अ‍ॅव्हेन्यू म्हणतात.

6 ऑक्टोबर 1683 रोजी ‘कॉनकॉर्ड’ जहाजातून जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावची 13 कुटुंबं इथं उतरली. बहुतेक विणकर, पंथानं क्वेकर किंवा मेनोनाइट (दोन्ही हिंसेला नकार देणारे ख्रिस्ती पंथ), आणि घरात बोली डचच्या जवळची. जर्मन गाव म्हणून मिरवणाऱ्या वस्तीची सुरुवात अशी! त्यांच्या आधी आलेला फ्रान्झ डॅनिएल पास्टोरियस हा वकील डेलावेअर नदीच्या काठावर, जमिनीत खणलेल्या खोपटात राहत होता. जमिनीच्या चिठ्ठ्या तिथंच टाकल्या गेल्या. शहरापासून सुमारे 10 किलोमीटरवर त्या पायवाटेच्या दोन्ही अंगांना चिंचोळ्या, लांबलचक पट्ट्या पाडल्या: घर रस्त्याला, शेत मागं.

(जवसाचं शेत.)

गावाच्या शिक्क्यावर तीन गोष्टी होत्या: द्राक्ष, जवस आणि विणकाम. त्यात जवस महत्त्वाचं. आपल्याकडे चटणीत जातं तेच, फक्त धाग्यासाठीचं वाण उंच आणि कमी फांद्यांचं. ते कापत नाहीत, मुळासकट उपटतात, म्हणजे धागा पूर्ण लांबीचा मिळतो. मग देठ पाण्यात कुजवायचे. कमी कुजले तर साल काडीला चिकटून राहते, जास्त कुजले तर धागाच तुटतो. त्यानंतर काड्या मोडायच्या आणि खिळ्यांच्या फणीतून धागा विंचरायचा.

कापड म्हटलं की चिंध्या आल्या, आणि त्या काळी कागद चिंध्यांचाच व्हायचा. 1690 मध्ये विल्यम रिटनहाउसनं जवळच्या ओढ्यावर गिरणी उभारली. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधली ही पहिली कागद गिरणी. चिंध्या निवडून भिजवायच्या, पाणचक्कीवरच्या मुसळांनी कुटून लगदा करायचा. तो हौदात पातळ करून तारेच्या साच्यानं उचलायचा. ओला ताव लोकरीच्या तुकड्यावर उलटायचा, थप्पी दाबून पाणी काढायचं, वाळवायचं आणि शेवटी सरसात बुडवायचं. सरस नीट बसला नाही तर शाई फुटते. 1700 च्या सुमारास पुरात गिरणी वाहून गेली. त्यांनी ती पुन्हा बांधली.

पुढं छपाईही आली. क्रिस्टोफ झाउरनं 1743 मध्ये फ्रँकफर्टहून आणवलेल्या छपाईच्या अक्षरखिळ्यांनी जर्मन बायबल छापलं, 1,200 प्रती. युरोपीय भाषेतलं अमेरिकेत छापलेलं हे पहिलं बायबल.

(1688 चा कागद.)

1688 मध्ये पास्टोरियससह चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदवला. या वसाहतींमधला असा हा पहिला निषेध. क्वेकरांच्या बैठकींनी तो आपल्याहून वरच्या बैठकीकडे ढकलत नेला आणि शेवटी बाजूला ठेवला.

याच सदसद्विवेकबुद्धीपायी गावाचा कारभार मात्र बसला. 1689 मध्ये पेननं स्वतंत्र सनद दिली, पण पदं घ्यायला माणसंच मिळेनात. शपथ घेणं आणि कुणाला शिक्षा करणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. 1707 मध्ये सनद गेली. शहरानं गाव पुढं गिळलं खरं, पण स्वराज्य त्यांनी त्याआधी दीडशे वर्षं स्वतःच सोडलं होतं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातली 1777 ची लढाई इथल्याच रस्त्यावर, दाट धुक्यात झाली. इतिहासाची पुस्तकं तिथंच रेंगाळतात. गाव खरं बदललं ते 1832 च्या रेल्वेनं. सुरुवातीला इंजिन फक्त कोरड्या हवेत चाले, पावसात डब्यांना घोडे जुंपत. तरी शहरात नोकरी आणि इथं घर, हे जमू लागलं.

मग 1854 चा एकत्रीकरण कायदा आला. 1844 च्या दंगलींत उघडं पडलं होतं की हद्द ओलांडली की शहराच्या पोलिसांचा अधिकार संपतो. कायद्यानं सुमारे 2 चौरस मैलांचं शहर जवळपास 130 चौरस मैलांचं झालं, आणि जर्मनटाऊन त्यात गेलं.

(विसाहिकन खोरं.)

पुढचा घाव पाण्याच्या निमित्तानं. विसाहिकन ओढा शहराला पाणी पुरवणाऱ्या स्कूलकिल नदीला मिळतो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून 1860 च्या दशकाअखेर हे खोरं फेअरमाउंट पार्कात घेतलं गेलं आणि काठच्या गिरण्या हळूहळू पाडल्या. रिटनहाउस कुटुंबाचं 1707 चं दगडी घर मात्र राहिलं. ते पाहता येतं.