लिंकनचे न्यायाधीश

इलिनॉय, १८५० च्या आसपासचं. वसंतातला घोटाभर चिखल आणि त्यातून वाट काढणारी दोन घोड्यांची बग्गी. आतल्या गृहस्थांचं वजन १३५ किलोंच्या वर. हे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस. सोबत वकिलांचा तांडा, आणि त्यात एक उंच, किडकिडीत वकील, अब्राहम लिंकन.

त्या काळी कोर्टच गावोगाव फिरायचं. मुक्कामाच्या खाणावळीत एकेका पलंगावर दोन-दोन वकील झोपायचे. डेव्हिसना मात्र अख्खा पलंग मिळायचा. शेजारी कोणी मावणार कुठे? रात्री लिंकनच्या गोष्टी रंगायच्या. कधी डेव्हिसना जायला जमलं नाही, तर लिंकनच त्यांच्या जागी न्यायासनावर बसायचे!

डेव्हिस मूळचे मेरीलँडचे, जन्म १८१५ चा. ब्लूमिंग्टनला वकिली, १८४४ मध्ये राज्याच्या विधिमंडळात, १८४८ मध्ये न्यायाधीश. १८६० मध्ये शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात लिंकनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची सूत्रं त्यांच्याच हाती होती. एकेका राज्याचे प्रतिनिधी गाठून त्यांनी मतं वळवली. तिसऱ्या फेरीत लिंकननी बाजी मारली. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष लिंकननी डेव्हिसना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. मैत्रीची परतफेड? होय, तीही होतीच.

पण १८६६ मध्ये मिलिगन खटला उभा राहिला. इंडियानातल्या या नागरिकाला यादवीच्या काळात लष्करी आयोगाने फाशी सुनावली होती. लिंकनच्याच सरकारची ही कारवाई. डेव्हिसनी निकालपत्रात ठणकावलं: नेहमीची न्यायालयं चालू असताना नागरिकावर लष्करी खटला चालवता येत नाही, राज्यघटना युद्धातही तशीच लागू असते. मिलिगन सुटले.

१८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अडली. निवाड्यासाठी पंधरा जणांचा आयोग ठरला, आणि निर्णायक मत डेव्हिसचं असणार अशी सगळ्यांचीच अटकळ होती. नेमक्या त्याच वेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने त्यांना सिनेटवर निवडून दिलं, तेही डेमोक्रॅटांच्या मतांवर, ज्यांची सारी भिस्त याच माणसावर होती! डेव्हिसनी आयोगावर यायला नकार दिला. त्यांची जागा न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी घेतली आणि रिपब्लिकन उमेदवार हेज आठ विरुद्ध सात मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले.

१८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड वारले, उपाध्यक्ष आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले. उपाध्यक्षपद रिकामंच राहिलं. सिनेटने आपल्या सभागृहाचे हंगामी अध्यक्ष म्हणून डेव्हिसना निवडलं. आर्थर यांचं काही बरंवाईट झालं असतं, तर तेव्हाच्या कायद्याने देशाचा कारभार डेव्हिसकडे आला असता. तशी वेळ आली नाही. १८८३ मध्ये ते ब्लूमिंग्टनला परतले आणि तीन वर्षांनी तिथेच वारले.