वजन: पारड्यातले, काट्यावरचे आणि फाइलवरचे

[दृश्य: किराणा दुकान. दांडीचा तराजू, एका पारड्यात शेंगदाणे, दुसऱ्यात एक किलोचे षटकोनी लोखंडी वजन.]

निवेदन:
वाणी सांगतो, "वजन एक किलो." विज्ञानाच्या पेपरात हेच लिहिले तर गुण कापले जातात. तिथे एक किलो हे वस्तुमान, म्हणजे वस्तूत द्रव्य किती ते. वजन म्हणजे पृथ्वी ज्या बलाने वस्तू खाली ओढते ते बल. या शेंगदाण्यांचे ते सुमारे 9.8 न्यूटन. भांडण जुने आहे, आणि त्यात वाण्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही.

दांडीच्या तराजूत दोन्ही पारडी सारखीच खाली ओढली जातात. चंद्रावर ही ओढ एकषष्ठांश. तिथे हा तराजू नेला तरी एक किलो शेंगदाणे एक किलोच भरतील, कारण ओढ दोन्हीकडे सारखीच घटते. म्हणजे वाणी वस्तुमानच मोजतो, फक्त त्याला वजन म्हणतो.

[जवळून: दांडीचा मध्य, मग तिची दोन टोके.]

या तराजूतली खरी गोम दांडीत असते. समजा, वजनाकडचा हात 20 सेंटिमीटर आणि मालाकडचा 20.2. फरक अवघा दोन मिलिमीटर, तरीही किलोमागे 10 ग्रॅम माल कमी मिळतो. रिकामी पारडी पाहून हे कळत नाही. हलक्या पारड्याला पासंग बांधला की दांडी आडवी राहते. पासंग पारड्यांमधला फरक भरून काढतो, हातांमधला नाही.

ओळखायचे कसे? माल आणि वजन यांची पारडी बदलायची. हात असमान असतील तर वजनाचे पारडे खाली बसते आणि दांडी पुन्हा आडवी व्हायला आणखी 20 ग्रॅमच्या आसपास माल टाकावा लागतो. वजन उलटे करूनही पाहावे. तळाच्या खोबणीत शिसे भरलेले असते आणि पडताळणीची मोहर त्याच्यावर उमटवतात. शिसे निघाले असेल तर वजन तेवढे हलके झाले. वजने आणि दांडीचे तराजू दर दोन वर्षांनी पडताळून घ्यावे लागतात, इलेक्ट्रॉनिक काटे दर वर्षी.

[दृश्य: सराफाचा काचपेटीतला काटा. आकडे स्थिर होतात.]

इलेक्ट्रॉनिक काट्याचे गणित वेगळे. आत धातूचा एक ठोकळा असतो, त्याला बारीक ताणपट्ट्या चिकटवलेल्या. भार पडला की ठोकळा किंचित वाकतो, पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. या काट्याला फक्त बल कळते. त्या बलाचे किलो किती, हे त्याला प्रमाण वजन ठेवून शिकवावे लागते. जिथे शिकवले, तिथलेच ते खरे.

गुरुत्व त्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचे माप, जागेगणिक थोडे बदलते: दिल्लीत साधारण 9.791 मीटर प्रति सेकंद वर्ग, मुंबईत 9.786. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच मुंबईत आणला, तर किलोमागे अर्धा ग्रॅम कमी दाखवतो. कांद्यात हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. सोन्यात 100 ग्रॅममागे सुमारे 50 मिलिग्रॅम, म्हणून काटा जागा बदलला की पुन्हा जुळवायचा. काचपेटी असते ती पंख्याचा वारा अडवायला.

वर निघालेल्या लिफ्टमध्ये अशा काट्यावर उभे राहिलात, तर 60 किलोचा माणूस क्षणभर 66 भरू शकतो. त्याचे वस्तुमान तेवढेच आहे. लिफ्ट त्याला वर ढकलते आहे.

[दृश्य: साखर कारखान्याचा भुईकाटा, उसाने भरलेली ट्रॉली.]

भुईकाट्यावर उसाचे वजन थेट मिळत नाही. भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा होते. त्यामुळे भरलेल्या वेळी चालक खाली आणि रिकाम्या वेळी केबिनमध्ये, असे झाले की त्याचे 70-80 किलो उसातून कापले गेले. फळीच्या कडेच्या फटीत चिखल, खडे अडकले तर फळी मोकळी बसत नाही आणि भाराचा काही हिस्सा काट्यापर्यंत पोचतच नाही. "काटा मारला" ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. गाडी चढवण्याआधी पडदा शून्यावर आहे का, ते बघणे शेतकऱ्याच्या हातात असते.

[दृश्य: काचेच्या घुमटांखालचा धातूचा दंडगोल, चित्ररूपात.]

1889 पासून किलो म्हणजे पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. भारताची 57 क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभर वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रतींत सुमारे 50 मायक्रोग्रॅमची तफावत पडली. 20 मे 2019 पासून किलो प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, बांधला गेला. तो प्रत्यक्षात आणायची एक रीत म्हणजे किबल तराजू. त्यात वस्तूचे वजन, म्हणजे न्यूटनमधले बल, विद्युतचुंबकीय बलाने तोलतात. त्यासाठी त्या खोलीतले गुरुत्व त्वरण अतिशय काटेकोर मोजावे लागते. म्हणजे प्रमाण किलोही मिळतो तो पाठ्यपुस्तकातल्या वजनाच्या वाटेने!

संख्याशास्त्रातल्या वजनाला ना ग्रॅम, ना न्यूटन. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 आधारवर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेये यांचे वजन, म्हणजे एकूण हिशेबातला वाटा, 45.86 टक्के होते. भाजी कडाडली की महागाईचा आकडा उसळायचा तो यामुळे. मंत्र्याला वजनदार खाते मिळते, शब्दाला वजन असते, आणि फाइलवर वजन ठेवल्याशिवाय ती हलत नाही म्हणतात. या शेवटच्या वजनाची पडताळणी वजने-मापे तपासणाऱ्या वैधमापन निरीक्षकाकडे नाही, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे आहे.

[दृश्य: घरातला वजनकाटा, फरशीवर.]

घरचा काटा तपासायचा तर तो गालिचावरून उचलून सपाट फरशीवर ठेवा. चारही पाय टेकले पाहिजेत. पडद्यावर शून्य आल्यावर एकच वस्तू मध्यभागी आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून बघा. एखाद्या कोपऱ्यात आकडा वेगळा आला, तर आधी त्याच पायाखाली पाहा. तिथे काही अडकलेले नसेल, तर त्या पायातला संवेदक गेलेला असू शकतो.