कॅम्पसवरचं डिस्क गोल्फ: पहिल्यांदा खेळताना काय न्यायचं, कसं फेकायचं

[कॅमेऱ्यासमोर. मागे बास्केट.]

नमस्कार मंडळी! साखळ्या लोंबणारी ही लोखंडी टोपली अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांच्या कॅम्पसवर दिसते. महाराष्ट्रातून इकडे शिकायला आलेली कितीतरी मुलं रोज तिच्या शेजारून वर्गात जातात आणि हा खेळ आपल्याला जमण्यातला नाही, असं धरून चालतात. जमतो. बहुतेक कॅम्पसवर फी नसते, बरोबर कुणी लागतंच असंही नाही, आणि नऊ होल, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून टोपलीपर्यंतचे नऊ टप्पे, तासाभरात होतात.

खेळ असा. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क (फ्रिस्बीसारखी प्लास्टिकची तबकडी) फेकायची, पडेल तिथून पुढची फेकायची, आणि डिस्क साखळ्यांत किंवा टोपलीत थांबली की होल संपला. कमी फेकींत संपवणारा पुढे. टोपलीच्या वरच्या कड्यावर जाऊन बसली तर ती धरत नाहीत, तिथून पुन्हा फेकावी लागते. साखळ्यांची ही टोपली एड हेड्रिक यांच्या डोक्यातून आली. पहिला कायमचा कोर्स, म्हणजे या खेळाचं मैदानही, त्यांनीच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये आखला.

आता डिस्क. इथेच नव्या माणसाचं सगळं बिघडतं.

[स्क्रीनवर: तीन डिस्क, आकडे जवळून]

डिस्कवर चार आकडे असतात: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. स्पीड म्हणजे ती नीट उडायला किती वेग द्यावा लागतो. ग्लाइड म्हणजे ती हवेत किती तरंगते. टर्न म्हणजे वेगात असताना ती किती वळते, आणि फेड म्हणजे वेग कमी झाल्यावर शेवटी उलट बाजूला किती वळते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा मागे नेऊन, फेकलीत तर टर्न उजवीकडे आणि फेड डावीकडे. डावखुऱ्यांनी सगळं उलटं समजा.

इनोव्हा कंपनीची डिस्ट्रॉयर ही डिस्क घ्या: १२, ५, उणे १, ३. दुकानात हीच उचलाविशी वाटते, कारण लांब जाणारी म्हणून तिचं नाव आहे. पण बाराचा स्पीड म्हणजे शंभर मीटरच्या पुढे फेकणाऱ्याचा हात. तेवढा वेग मिळाला नाही तर टर्न होतच नाही, फक्त फेड उरतो, आणि डिस्क हातातून सुटल्या सुटल्या डावीकडे वळून जमिनीवर येते. तुमची ताकद कमी आहे असं नाही, डिस्क चुकीची आहे.

म्हणून दोनच न्या. एक पटर, म्हणजे टोपलीजवळून फेकायची डिस्क, उदाहरणार्थ एव्हिएर: २, ३, ०, १. आणि एक हलका फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे लांबच्या पण आवरता येणाऱ्या फेकीची डिस्क, उदाहरणार्थ लेपर्ड: ६, ५, उणे २, १. लेपर्ड १५० ते १६५ ग्रॅमची बघा, हलकी डिस्क कमी वेगातही तरंगते. पटर साध्या, स्वस्त प्लास्टिकचा घ्या. तो हातात चांगला बसतो आणि साखळ्यांत अडकतोही. विकत घ्यायच्या आधी कॅम्पसच्या जिममध्ये विचारा, काही ठिकाणी डिस्क उसन्या मिळतात.

[टीवर उभं राहून]

टी म्हणजे हा काँक्रीटचा किंवा रबराचा चौथरा. शेजारच्या पाटीवर होलचा नंबर, अंतर आणि पार, म्हणजे तो होल जितक्या फेकींत संपणं अपेक्षित आहे तो आकडा. अंतर फुटांत असतं. समजा २४० फूट, पार ३. म्हणजे साधारण ७३ मीटर. आता हिशेब करा: पहिली फेक ४५ मीटर, दुसरी पटरने २५, आणि तीन मीटरचा पट, म्हणजे टोपलीत टाकायची शेवटची छोटी फेक. झाला पार! यातली एकही फेक अवघड नाही. सोप्या कोर्सवर जवळपास प्रत्येक होल याच हिशेबाने खेळता येतो, आणि हे लक्षात आलं की जोर लावायची घाईच राहत नाही.

फेकताना धाव घेऊ नका. उजवा खांदा टोपलीकडे करून आडवे उभे राहा. अंगठा डिस्कच्या वर, बोटं खाली कडेला घट्ट. डिस्क छातीच्या उंचीवर सरळ रेषेत मागे न्या आणि त्याच रेषेत पुढे ओढा. मनगट किंचित खाली झुकलेलं असू द्या. नाहीतर उडताना पुढे असणारी कड वर उचलली जाते, डिस्क वर चढते, हवेतच थांबते आणि डावीकडे कोसळते. नव्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि जोर वाढवला की ती वाढते. डिस्क सारखी उजवीकडे जात असेल तर ती हातातून उशिरा सुटतेय. मग जोर निम्मा करा.

वारा समोरून असेल तर डिस्क जास्त वर उचलली जाते आणि उजवीकडे जास्त वळते, म्हणून डिस्क कमी उंचीवरून जाईल अशी फेका. वारा पाठीमागून असेल तर ती लवकर खाली बसते.

[बास्केटजवळ]

पट करताना नेम मधल्या खांबावर. फार जोरात मारलेली डिस्क साखळ्यांतून उसळून बाहेर येते. टोपलीपासून दहा मीटरच्या आत असाल तर पट सोडल्यावर आधी तोल सावरायचा, मगच पुढे पाऊल टाकायचं.

कॅम्पसवरची खरी अडचण रस्ते आणि माणसं. पायवाटेपलीकडे, पार्किंगमध्ये, तळ्यात गेली की बहुतेक ठिकाणी हद्दीबाहेर: एक फेक दंड, आणि जिथून बाहेर गेली तिथून एक मीटर आत येऊन खेळायचं. साउथ कॅरोलिनातल्या विंथ्रॉप विद्यापीठाच्या तळ्याकाठी १९९९ पासून युनायटेड स्टेट्स डिस्क गोल्फ चॅम्पियनशिप होते, आणि तिथे तर दोऱ्या ताणून हद्द आखतात. अव्वल खेळाडूसुद्धा तिथे लांब फेकीचा मोह आवरतात. आपण तर आवरायलाच हवा.

माणूस टप्प्यात असेल तर फेकायचं नाही, म्हणजे नाहीच. तो हात करून "फेका" म्हणाला तरी थांबा, कारण डिस्क कुठे जाईल हे अजून तुम्हालाच माहीत नाही. डिस्क भरकटली तर पूर्ण आवाजात "फोर!" ओरडा. वर्ग सुटायच्या वेळा टाळा. शनिवार-रविवार सकाळ उत्तम.

पुढची टी सापडत नसेल तर टोपलीच्या तळाशी बाण बघा, नाहीतर यूडिस्क ॲपवर कोर्सचा नकाशा असतोच.

डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने फोन नंबर लिहा, अमेरिकेतला. झाडीत हरवली तर नियमाप्रमाणे शोधायला तीन मिनिटं. दुसऱ्या कुणाची सापडली तर तिच्यावरच्या नंबरला लगेच मेसेज करा आणि कुठे भेटायचं ते ठरवून परत द्या.