लिंबाची खाल्लेली पानं

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षारोपणाचे फलक लागतात. खड्डा एक, रोप एक आणि फोटोत माणसं चौदा! असो. आज बोलायचंय ते सोसायटीमागच्या बेवारस प्लॉटबद्दल. राडारोडा पडलाय, गाजर गवत माजलंय, असा प्लॉट तुमच्याही ओळखीचा असेल. चार शेजारी रविवारी सकाळी खाली उतरले, तर तिथे पाखरं आणि फुलपाखरं पुन्हा नांदायला येतात.

मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. 37 एकरांचं. तिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत. 1994 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि आज तिथे दाट झाडी आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या शेतजमिनीत फुलपाखरांची बाग केली, ती ओवळेकर वाडी. त्यांनी नुसती फुलझाडं लावली नाहीत, तर अळ्या ज्यांची पानं खातात ती झाडंही लावली. एवढं कानात ठेवा: फुलं फुलपाखरांना, पानं अळ्यांना. रुई, पानफुटी, एरंड, टाकळा, कढीपत्ता आणि लिंबू.

लिंबू म्हटलं की मला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आठवतात.

आम्ही मागच्या प्लॉटवर लिंबू लावला होता. कोवळी पालवी फुटली आणि पानं कुरतडलेली दिसू लागली. आजी गॅलरीतून बघत होत्या. एके सकाळी तंबाखूचं पाणी बाटलीत भरून त्या खाली आल्या. "झाडाला कीड लागलीय आणि तुम्ही बघत काय बसलाय?"

आमच्यातला एक शाळकरी मुलगा आडवा आला. "आजी, थांबा. ती कीड नाहीये."

"मग काय पाहुणा आहे?"

पानावर काळपट-पांढरं काहीतरी होतं, पक्ष्याची शिट पडल्यासारखं. लहानपणी ही अळी तशीच दिसते, म्हणजे कुणी खायला धजत नाही. शेजारच्या पानावर तिचीच मोठी बहीण होती, हिरवीगार. मुलाने तिला गवताच्या काडीने हळूच डिवचलं. डोक्यामागून लालभडक दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला.

आजी दोन पावलं मागे. "अगं बाई, ही तर फणा काढते!"

बाटली तिथेच राहिली. दुसऱ्या दिवसापासून आजी फिरायला जायच्या आधी लिंबापाशी. अळ्या मोजायच्या. "काल पाच होत्या, आज तीन कशा?" संशय बुलबुलावर. मग आजी काठी घेऊन बुलबुलाला हाकलू लागल्या. चांगलं भांडण जुंपलं हो! सगळी बिल्डिंग चहाचे कप घेऊन गॅलरीत.

आणि मग कळलं की बुलबुलाचं घरटं आजींच्याच गॅलरीतल्या मधुमालतीत आहे. तीन पिल्लं, चोची उघडून बसलेली. आणि आई अळी घेऊन येतेय, आमच्या लिंबावरची.

आता आजी काय म्हणणार? बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे. पिल्लांना काय पोळीचा चुरा घालेल ती? आणखी दोन लिंबं लावा."

लावली. आपल्या महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवलं, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. त्याची अळीही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. आजींना हे सांगितल्यापासून त्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सरकारी थाटात बोलतात. त्या मीटिंगमध्ये कुणीतरी प्लॉटवर लॉन करू म्हणालं. लॉन मला मुळीच आवडत नाही. पाणी पिणार, कापून घेणार आणि वर 'गवतावर चालू नका' अशी पाटी! पेव्हर ब्लॉकबद्दल तर मी बोलतच नाही, वेळ पुरायचा नाही.

तर, कामाचं थोडक्यात. जागा कुणाची आहे ते आधी विचारा, अर्ज द्या, पोच घ्या. गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण त्याने अंगावर पुरळ उठतं. 1955 च्या सुमारास त्याची पुण्यात नोंद झाली, तेव्हापासून आपण ते उपटतोच आहोत. पालापाचोळा जाळू नका, एका कोपऱ्यात पडू द्या. सापसुरळी, बेडूक तिथे राहतील. औषध फवारू नका. आणि पुन्हा सांगतो: फुलं फुलपाखरांना, पानं अळ्यांना.

मग आम्हाला लिंबं मिळणार का, असं तुम्ही विचाराल. मिळतात की. अळ्या पालवी खातात, फळाला हात लावत नाहीत. आमच्याकडे गेल्या वर्षी लोणच्यापुरती निघाली आणि ते लोणचं कुणी घालायचं यावरून मीटिंग झाली.

नमस्कार.