ठेवणीतलं आज घाला

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर कपड्यांविषयी बोलायचं, तर दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. मला ते सोयीचंच वाटतं. कापड डोळ्यांना पटकन फसवतं, बोटांना सहसा फसवत नाही. तेव्हा ऐकता ऐकता एवढं करा: अंगात जे काही असेल त्याची बाही अंगठा आणि तर्जनीमध्ये धरा आणि हलकेच चोळून बघा. जाड आहे की झिरझिरीत, गुळगुळीत की खरखरीत? हाताला गार लागतं की उबदार? दिवसभर जे आपल्या कातडीला लागून असतं, त्याला आपण असं क्वचितच चाचपून पाहतो.

पेहरावाची स्वतःची शैली, जिला आपण सगळे स्टाईल म्हणतो, ती माणसाकडे येते कशी, यावर आज बोलायचं आहे. खरेदीतून ती फार थोडी येते, असं माझं मत आहे. जे आवडतं ते नीट ओळखावं, अंगाला नीट बसवून घ्यावं आणि मग रोज, मनापासून वापरावं. यातून ती घडते. आणि हे सगळं शिकायला शहर फार चांगलं. कापड विकणारा, शिवणारा, रफू करणारा, जुनं विकणारा आणि हे सगळं अंगावर घालून रस्त्यानं जाणारा, अशी सगळी माणसं शहरात पायी फिरता येईल एवढ्या अंतरात भेटतात.

रस्त्यानं जाणाऱ्यांपासूनच सुरुवात करू. न्यूयॉर्कमध्ये बिल कनिंगहॅम नावाचे छायाचित्रकार होते. जन्म १९२९चा, गेले २०१६ साली. तरुणपणी ते बायकांच्या हॅट बनवायचे. पुढे कित्येक दशकं सायकलवरून शहर पालथं घालत त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांचे फोटो काढले, आणि ते ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून येत. १९७८ साली त्यांनी रस्त्यात एका बाईंचा फोटो काढला, कारण त्यांच्या कोटाच्या खांद्याचा कट त्यांना विलक्षण सुंदर वाटला. त्या बाई म्हणजे ग्रेटा गार्बो, जगभर गाजलेली अभिनेत्री. फोटो काढताना कनिंगहॅमना याचा पत्ताही नव्हता. त्यांचं सगळं लक्ष त्या खांद्यावर होतं. मला ही गोष्ट फार आवडते. कोण आहे हे न बघता काय आहे ते बघायचं, ही नजर कमवावी लागते. ते स्वतः मात्र वर्षानुवर्षं फ्रेंच कामगारांचं निळं सुती जाकीट घालत. दणकट, खिसेवालं, त्यांच्या कामाला सोयीचं. शहरातला कुणीही माणूस त्या जाकिटावरून त्यांना लांबून ओळखे.

ज्या खांद्यावर त्यांची नजर गेली, तिथेच आपलीही आधी जायला हवी. शर्ट असो, जाकीट असो, कोट असो, घालून बघताना आरशात पहिल्यांदा खांदा पाहावा. बाहीची शिवण आपल्या खांद्याचं हाड जिथे संपतं तिथे यायला हवी. ती दंडावर उतरलेली असेल किंवा गळ्याकडे चढलेली असेल, तर रंग कितीही मोहात पाडो, तो कपडा परत ठेवावा, कारण खांदा उसवून दुरुस्त करणं हे शिवणकामातलं सगळ्यात किचकट काम. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, बदलतो, बाही बदलते, गळ्याचा तोल जातो. बाकी बरंच काही सोपं असतं. बाही मनगटाच्या हाडापर्यंत कमी करून घेता येते, पँटची लांबी बदलता येते, कंबर आत घेता येते. सैल करायचं असेल तर मात्र कपडा उलटा करून शिवणीत माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेलं जादा कापड, किती सोडली आहे ते बघा. बोटभर माया असेल तर टेलर काहीतरी करू शकेल. शिवण कडेला चिकटून मारलेली असेल तर तो कपडा आहे तेवढाच राहणार.

टेलरकडे जाताना आपला सगळ्यात नीट बसणारा कपडा बरोबर न्यावा. ‘थोडं सैल हवं’ यात प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. कपडा समोर ठेवला की वाद उरत नाही. आणि वाढवून शिवलेला कपडा तिथेच घालून बसून बघा, हात वर करून बघा. आपण दिवसभर आरशासमोर ताठ उभे नसतो.

कापड अंगावर कसं पडतं, हे फार खोलात समजलेली एक बाई पॅरिसमध्ये होऊन गेली: मादलेन व्हिओने. कापड विणताना धागे उभे आणि आडवे असतात, आणि त्या दोन्ही दिशांना ते फारसं ताणलं जात नाही. तिरकं, म्हणजे टेलर ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेनं ओढलं, तर तेच कापड लवतं आणि ताणतं. गळ्याला लावायची पट्टी उरेब कापतात ती यासाठीच, म्हणजे ती वळणावर चुरगळत नाही. व्हिओने यांनी उरेब कटावर अख्खे पोशाख उभे केले. आधी त्या एका छोट्या लाकडी बाहुलीवर कापड गुंडाळून बघत, मग मोठ्या मापात शिवत. १९१२ साली त्यांनी आपलं दुकान काढलं, आणि नक्कल होऊ नये म्हणून पुढे पोशाखाच्या लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवू लागल्या. शरीराला कापडात कोंबायचं नाही, कापडानं शरीराबरोबर वळायचं, हे त्यांच्या कामात दिसतं. आजही एखादा साधा स्कर्ट चालताना सुरेख झुलत असेल तर त्याचे धागे कोणत्या दिशेला आहेत ते बघा.

आता कापडाच्या दुकानात जाऊ. तिथे घाई करू नये. कोपरा मुठीत धरून चुरगळा आणि सोडा. लिनन असेल तर घडी तशीच राहील, कारण जवसाच्या त्या धाग्यात लवचीकपणा कमी. काहींना त्या सुरकुत्या नको असतात, मला त्या लिननचं रूपच वाटतात. लोकर असेल तर कापड पुन्हा उलगडेल. मग ते उजेडासमोर धरा. विणीत कुठे विरळ, कुठे दाट असं दिसलं तर ते सारखं झिजणार नाही. सुती कापडात तंतूची लांबी महत्त्वाची. लांब तंतूचं सूत पिळलं की त्यातून बाहेर डोकावणारी टोकं कमी असतात, म्हणून पृष्ठभाग तलम राहतो आणि बोंडुल्या, म्हणजे कापडावर येणाऱ्या बारीक गाठी, कमी येतात. बोंडुल्यांचा सगळ्यात जास्त त्रास सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडात होतो. सुती तंतूंच्या गाठी झिजून गळून पडतात. पॉलिएस्टरचा तंतू चिवट असल्यामुळे तो गाठीला धरून ठेवतो.

लेबल नसेल आणि खात्री करायची असेल, तर आतल्या शिवणीतला एखादा सुटा धागा काढा, चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख उरते. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं, त्याचा कडक मणी होतो. पॉलिएस्टर वाईट असतं असं मी म्हणत नाही, पावसात आणि प्रवासात ते उपयोगाचं आहे. पण पैसे रेशमाचे दिले असतील तर मणी उरता कामा नये.

शहरातल्या खऱ्या गमती मोठ्या दुकानांच्या पाठीमागच्या गल्ल्यांत असतात. ताग्याच्या शेवटी उरलेले तुकडे, कटपीस, तिथे ढिगानं पडलेले असतात. पूर्ण पोशाख निघणार नाही म्हणून मागे पडलेलं उत्तम कापड त्यात सापडतं: कॉलरला पुरेल, खिशाला पुरेल, जाकिटाच्या अस्तराला पुरेल. अस्तर ही माझी लाडकी जागा आहे. बाहेरून करडं, शांत जाकीट, आणि आत फक्त घालणाऱ्याला माहीत असलेला झगझगीत रंग.

जुन्या कपड्यांच्या बाजारात तर तासन् तास जावेत. तिथे साइजच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच आकड्याचं माप कंपनीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत आलं आहे. मोजायची टेप खिशात ठेवा, आणि आपल्या आवडत्या शर्टाचं काखेपासून काखेपर्यंतचं माप पाठ असू द्या. काख, कॉलरची आतली घडी, पँटची बैठक, बाहीची कड, झीज आधी इथे दिसते. पट्ट्यापट्ट्यांचा किंवा चौकड्यांचा शर्ट असेल तर खिसा बघा. खिशाच्या रेघा खालच्या कापडाच्या रेघांशी तंतोतंत जुळत असतील तर ओळखा की शिवणाऱ्यानं कापड वाया जाऊ दिलं, वेळ दिला, पण काम हयगयीनं केलं नाही. असा शर्ट मी मापात थोडा कमी-जास्त असला तरी सोडत नाही.

आणि बटणं! साध्या शर्टाची प्लॅस्टिकची बटणं काढून शिंपल्याची लावा. शिंपल्याचं बटण गालाला लावलं तर प्लॅस्टिकपेक्षा स्पष्ट गार लागतं, दुकानात ओळखायची हीच खूण. संध्याकाळच्या तासाभराचं काम, पण त्या शर्टाची जात बदलते.

जीन्सबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण शहरात ती जवळपास प्रत्येकाकडे असते. अमेरिकेतल्या नेवाडामधला जेकब डेव्हिस हा टेलर. कामगारांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटायचे, म्हणून त्यानं तिथे तांब्याचे रिव्हेट, म्हणजे छोटे खिळे, ठोकले. कापडाचे व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस यांच्यासोबत त्याला २० मे १८७३ रोजी त्याचं पेटंट मिळालं. पण मला त्याहून नवलाचा वाटतो तो नीळ रंग. नीळ धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसते. त्यामुळे जिथे जिथे घर्षण होतं तिथे ती उडते आणि आतला पांढरा धागा डोकावतो. गुडघ्यामागच्या घड्या, खिशात ठेवलेल्या पाकिटाची चौकट, बसायची सवय, सगळं त्या कापडावर हळूहळू उमटत जातं. कारखान्यात घासून आधीच फिकी केलेली जीन्स मी म्हणूनच घेत नाही. ती कुणाच्या तरी अंगावर झिजल्यासारखी दिसते, आणि ते अंग कुणाचंच नसतं. गडद घ्यावी, उलटी करून गार पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी, आणि बाकी काम आपल्या चालण्यावर सोपवावं.

आता चैनीबद्दल. छोट्या, रोजच्या चैनीबद्दल. इथे मला श्रोत्यांशी जरा भांडायचं आहे, प्रेमानं. आपल्यातल्या किती जणांच्या कपाटात ठेवणीतलं म्हणून एक वेगळं फडताळ आहे? चांगला रुमाल, चांगले बूट, तो मऊ स्वेटर, अत्तराची बाटली. कधीतरी, कुठेतरी जाताना काढायचं. तो दिवस येईपर्यंत त्या वस्तूंचं काय होतं, ते ऐका.

अनेक बुटांचे तळ पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. हवेतल्या दमटपणानं ते आतून विघटित होत जातात, आणि खोक्यात बंद ठेवून हे थांबत नाही. काही वर्षांनी हौसेनं काढावेत तर चार पावलांत तळाचा भुगा पडतो. इलॅस्टिक न ताणताच कडक होतं, कारण रबरावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतच असतो. लोकरीला कसर लागते. कपडे खाते ती अळी, पतंग नव्हे. आणि तिला अंधार, शांतता आणि घामाचा किंवा अन्नाचा अंश राहिलेलं कापड आवडतं. जो स्वेटर आठवड्यातून एकदा अंगावर चढतो, झटकला जातो, उन्हावाऱ्याला लागतो, त्यात तिचा संसार जमत नाही. अत्तर उजेडानं, उष्णतेनं आणि हवेनं बिघडतं, वरचे ताजे वास आधी जातात. थोडक्यात, ठेवणीतलं टिकत नाही. आपण ते जपतोय असं वाटत असतं, आणि ते न वापरता संपत असतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, उद्या सकाळी त्यातलं एक काढा. कामावर जाताना तो चांगला रुमाल घ्या. चामड्याचे बूट असतील तर ते घाला, आणि परवा त्यांना सुट्टी द्या, कारण दिवसभरात शोषलेला घाम वाळायला चामड्याला एक दिवस हवा असतो; आत लाकडी साचा घातला तर आकारही राहतो. रात्री ब्रशनं धूळ झटकून, चिमूटभर पॉलिश फडक्यावर घेऊन गोल गोल चोळत बसणं ही स्वतःच एक चैन आहे. त्या दहा मिनिटांत माझं डोकं जेवढं शांत होतं तेवढं इतर कशानं होत नाही.

अत्तर घ्यायचं असेल तर एवढं करा. कागदाच्या पट्टीवर हुंगून ठरवू नका, मनगटावर लावा, आणि चोळू नका. मग दुकानातून बाहेर पडा. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जो तेज वास येतो तो लवकर उडणाऱ्या द्रव्यांचा असतो. मधला वास तासाभरानं कळतो, आणि लाकूड, राळ, कस्तुरीसारखे जड वास संध्याकाळपर्यंत रेंगाळतात. तोवर शहरात हिंडा, कामं उरका, बसमध्ये बसा, अधूनमधून मनगट नाकाशी न्या. रात्री झोपताना जो उरला असेल तो तुम्हांला आवडला, तर दुसऱ्या दिवशी परत जा आणि त्यांच्याकडची सगळ्यात छोटी बाटली घ्या. ती बिघडायच्या आत संपेल, आणि पुढची कोणती घ्यायची या विचारात पुन्हा एक दिवस मजेत जाईल.

नमस्कार.