पन्नास सेंटांच्या आतली लस

सहाराकडून कोरडा, धुळीचा वारा सुटला की सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या 26 देशांच्या पट्ट्यात मेनिंजायटिसचे, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचे, दिवस सुरू होतात आणि पावसाबरोबर ओसरतात. 1996-97च्या साथीत अडीच लाखांहून अधिक माणसे आजारी पडली, सुमारे 25 हजार दगावली.

2001मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही आरोग्यक्षेत्रातली अमेरिकी संस्था यांनी गेट्स फाउंडेशनच्या निधीतून या आजाराच्या ‘अ’ प्रकारावरच्या नव्या लशीचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा आफ्रिकी आरोग्य अधिकाऱ्यांनी पहिली अट किमतीची घातली : मात्रेमागे पन्नास सेंटांहून अधिक खर्च आम्हाला झेपणार नाही. या भावात लस बनवायला बड्या पाश्चात्त्य कंपन्या राजी होईनात. अखेर अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतले तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आत्मसात केले. या लशीच्या कुप्या तिथल्याच. 6 डिसेंबर 2010 रोजी बुर्किना फासोत एक ते 29 वर्षे वयाच्या सर्वांसाठी मोहीम सुरू झाली.

आता या लशीच्या कुपीवर छापलेले वर्तुळ घ्या. त्यातला चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होत जातो आणि वर्तुळाच्या रंगाशी त्याचा रंग जुळला की कुपी टाकून द्यायची, इतका साधा हिशेब आहे. लस दोन ते आठ अंशांत ठेवण्याचा नियम पाळायचा, तर वीज नसलेल्या गावांसाठी बर्फ कुठे गोठवायचा, तो पेटीतून किती लांब न्यायचा आणि वितळण्याआधी परतायचे कसे, यातच लसटोचकांचा दिवस सरतो. म्हणून तपासण्यांअंती नोव्हेंबर 2012मध्ये ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस ठेवण्यास परवानगी मिळाली आणि बेनिनमधील बानिकोआरा भागात बर्फाविना लसीकरण झाले. आमच्या मते या साऱ्या कहाणीतला हाच खरा शोध आहे, कारण देणगीदार निघून गेल्यावर बर्फाचा खर्च गावाच्याच माथी राहतो.

तीस कोटींहून अधिक लोकांना ही लस मिळाली आणि या पट्ट्यात ‘अ’ प्रकाराचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. 2016पासून घाना आणि सुदानने ती बालकांच्या नियमित लसीकरणात घेतली. उरलेल्या प्रकारांच्या साथी मात्र थांबल्या नाहीत. त्यांच्यासाठी एप्रिल 2024मध्ये नायजेरियाने पाच प्रकारांवरची नवी लस वापरायला घेतली. तीही पुण्याचीच आहे. पन्नास सेंटांत मात्र ती मिळत नाही.