खंजिरी, कूलर आणि चार स्क्रू

(दृश्य : बर्डीवरची गल्ली. शटर वर जातं. काचेमागे टांगलेले हेडफोन.)

नागपुरात ‘बर्डीवर जाऊन येतो’ म्हटलं की कुठे, हे कोणी विचारत नाही. सीताबर्डी. मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या आणि त्यांत मोबाईल, चार्जर, कव्हर, हेडफोन. आम्ही इथून पारखायला तीन हेडफोन घेतले. ब्लूटूथचे, अख्खा कान झाकणारे. एक दीड हजाराचा, एक अडीच हजाराचा, एक चार हजारांना थोडा कमी. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते हे.

(दृश्य : कंपनीच्या नावावर रंगीत टेप चिकटवणारे हात.)

नावं झाकली. लाल टेप, पिवळी टेप, निळी टेप. कोणता कितीचा, हे फक्त कॅमेऱ्यामागच्या मुलीला माहीत.

अख्खा कान झाकणारे, हे मुद्दाम सांगतो आहोत. दुकानात दोन जाती शेजारी-शेजारी टांगलेल्या असतात. एकीची गादी कानावर टेकते, दुसरीची कानाभोवती बसते. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० किंवा जेबीएलचा ट्यून ५१०बीटी हे कानावर टेकणारे. मोबाईलवरच्या फोटोत हा फरक चटकन कळत नाही. हातात घ्या, कप उलटा करा, आत आपला कान मावतो का बघा.

(दृश्य : खोक्याची मागची बाजू, अगदी जवळून.)

आता हे खोकं वाचू. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ.’ तिन्ही खोक्यांवर हेच छापलंय. माणसाच्या कानाची जी हद्द सांगतात, तीच इथे उतरवली आहे. त्या टोकांना आवाज किती डेसिबलने पडतो, हे लिहिलेलं नाही, आणि ते नसेल तर या आकड्यावरून काहीच ठरत नाही. ‘४० मिलिमीटर ड्रायव्हर’ हा आतल्या पडद्याचा व्यास. पडदा कसा बोलतो, ते व्यासावरून कळत नाही. बॅटरी इतके तास चालेल म्हणतात. खाली बारीक अक्षरात असतं, आवाज पन्नास टक्क्यांवर आणि नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे गोंगाट कमी करणारी सोय, बंद.

आणि हे तीन अक्षरांचं लेबल. ईएनसी. लाल टेपवाला विकताना दुकानदार म्हणाले, “नॉइज कॅन्सलेशन आहे ना भाऊ.” आहे, पण ते माइकसाठी. फोनवर पलीकडच्या माणसाला आपल्या मागचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून. आपल्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. एका अक्षराचा फरक आहे. ग्राहक घरी येऊन कूलर लावतो तेव्हा त्याला तो कळतो.

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर. ओसरीवर काका. हातात खंजिरी.)

हे काका चाळीस वर्षं भजनी मंडळात आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं गात गावंच्या गावं जागी केली. महाराज १९६८ साली गेले, नागपूरच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, आणि विदर्भात खंजिरीचा आवाज अजून थांबलेला नाही.

हेडफोन पारखायला खंजिरीसारखं दुसरं वाद्य आम्हाला सुचलं नाही. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, कड्यात बसवलेल्या पितळी चकत्या. कातड्याची थाप खालच्या पट्टीत, चकत्यांचा छनछनाट वरच्या टोकाला, आणि मधे गाणाऱ्याचा गळा. हेडफोनला जे जे जमायला हवं, ते सगळं एकाच वाद्यात आणि एकाच माणसात.

काकांचं दोन मिनिटांचं भजन त्यांच्याच ओसरीवर रेकॉर्ड केलं आणि तिथल्या तिथे त्यांनाच ऐकवलं. मूळ आवाज यांच्याइतका कोणाला माहीत असणार?

(दृश्य : काका लाल टेपचा हेडफोन घालतात. कपाळावर आठी.)

“बाळा, हे माझी खंजिरी नाही. हा तर डबा वाजून राहिला.”

लाल टेपवाल्यात खालचा आवाज इतका फुगवलाय की थापेचा नुसता धप्पधप्प उरतो आणि गळा त्याच्याखाली दबतो. दुकानात पाच मिनिटं हाच फुगवटा ‘जबरदस्त बास’ वाटतो. ढोलकी, डग्गा, पखवाज, कोणतंही चामड्याचं वाद्य लावून बघा. बोट कुठे पडलं ते ऐकू येतं का, एवढंच तपासा.

पिवळ्यात थाप बरी होती. चकत्या मात्र कढईत मोहरी तडतडावी तशा. काकांनी एका मिनिटात काढून ठेवला.

(दृश्य : निळी टेप. काकांची बोटं गुडघ्यावर. कॅमेरा तिथेच थांबतो.)

निळ्याबद्दल काका काही बोलले नाहीत.

(विराम)

एक गोष्ट आम्हाला इथेच कळली, आमच्या यादीत ती नव्हती. काकांचा चष्मा जाड काड्यांचा. काडीमुळे गादी आणि कानशील यांच्यात फट राहते आणि खालचा आवाज तिथून गळतो. हे बघा, तळव्याने कप हलकेच दाबला की थाप लगेच भरते. दाबल्यावर असा फरक पडला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही, असं समजा. चष्मा असेल तर चष्म्यासकटच तपासा.

(दृश्य : खिडकीतला कूलर. ताट्यांवरून ओघळणारं पाणी.)

मे महिना आहे. बाहेर ४५ अंश. नागपुरात दुपारी अभ्यास करायचा, ऑनलाइन मीटिंग करायची, काहीही करायचं तर या आवाजातच. पंख्याची एकसुरी घरघर.

एएनसीला नेमका असाच आवाज लागतो. बाहेरचा छोटा माइक आवाज टिपतो, आतला सर्किट त्याची उलटी लहर तयार करतो, आणि दोन्ही लहरी कानापाशी एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पॉल ल्यूग यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळालं. १९७८ साली विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजाने कंटाळलेल्या अमर बोस यांनी हेडफोनसाठी तिचं गणित मांडायला घेतलं. वडील बंगालचे, ते स्वतः अमेरिकेत प्राध्यापक. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला. तीच युक्ती आज अडीच हजारांत बर्डीवर मिळते, याचं आम्हाला खरंच अप्रूप वाटतं.

सारखी, खालच्या पट्टीतली घरघर तिला खाता येते. अचानक येणारा तीक्ष्ण आवाज नाही. लाल टेप, ईएनसीवाला : कूलर जसाच्या तसा. पिवळा : घरघर कमी, पण त्याजागी सतत एक बारीक सूं. निळा घातला आणि घरघर गेली. राहिली ती कूलरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याची टपटप. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी मात्र तिन्हींत आली, अगदी स्पष्ट.

इथे टेप काढली. निळा अडीच हजाराचा. पिवळा त्याच्याहून महाग.

पिवळ्याच्या खोक्यावर एलडीएसी लिहिलेलं आहे. सोनीने २०१५ मध्ये आणलेला कोडेक, म्हणजे ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आवळून बांधायची पद्धत, सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवणारा. आयफोनवर तो चालतच नाही. आणि पडदाच चरचरत असेल तर जास्त माहिती पाठवून चरचरच जास्त नीट ऐकू येणार. चार हजारांच्या आत कोडेक सगळ्यात शेवटी बघावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : व्हरायटी चौक. संध्याकाळ. सिग्नल सुटतो.)

व्हरायटी चौकातून तिन्हींवरून घरी फोन लावला. फोन लागताच गाण्याचा दर्जा उतरतो, कारण माइक सुरू झाला की ब्लूटूथ दोन्ही बाजूंच्या बोलण्याच्या साध्या जोडणीवर जातं. हा कंपनीचा दोष नाही. पलीकडून आई म्हणाली, “घरी येऊनच बोल.” तिन्ही वेळा.

(दृश्य : टेबलावरचा दिवा, भिंग, स्क्रूड्रायव्हर. दुरुस्तीवाल्या काकांचे हात.)

आणि आता हे टेबल. आमच्या दृष्टीने पारख खरी इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

एक कॉलेजचा पोट्टा हेडफोन घेऊन आलाय. चार्जच होत नाही म्हणतो. काका आधी केबल बघतात. दोन्ही टोकांना टाइप-सी. ती बाजूला ठेवून जुन्या चौकोनी टोकाची लावतात. कित्येक स्वस्त हेडफोनमध्ये टाइप-सीच्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात. मग नवा चार्जर समोर कोणी आहे हे ओळखतच नाही आणि वीज सोडत नाही. बिघाड समजून लोक अशी वस्तू फेकून देतात. इथे मात्र जुन्या केबलनेही दिवा लागत नाही.

“उघडावा लागते भाऊ.”

नखाने गादीची कड उचलली. गादी निघाली. तिच्याखाली हे चार स्क्रू. कप उघडला. मधे पडद्यामागचं चुंबक, बाजूला इवलंसं सर्किट, आणि ही चंदेरी पुडी, बॅटरी. सपाट असायला हवी. फुगली आहे.

“डिक्कीत ठेवत होता ना?”

पोट्टा मान हलवतो. या लिथियमच्या बॅटरीला फार उष्णता सोसत नाही, आणि उन्हात उभ्या गाडीची डिक्की चांगलीच तापते.

काका पुडीवरचा आकडा वाचतात. ५०२५३५. जाडी पाच मिलिमीटर, रुंदी पंचवीस, लांबी पस्तीस. ज्याला हा आकडा वाचता येतो, त्याला बदली बॅटरी शोधता येते. कंपनी कोणती याने फरक पडत नाही. जुनीची लाल तार सुटी केली. मग काळी. दोन्ही एकदम कापत नाहीत, पक्कड दोन्ही तारांना टेकली की ठिणगी. नवी पुडी बसवली. सोल्डरचा एक ठिपका, धूर, दुसरा ठिपका.

आमचे तिन्ही त्यांच्यापुढे ठेवले. लाल : गादी चिकटवलेली, ओढली तर फाटणार. पिवळा : गादी निघते, पण कप सांध्यावर वितळवून जोडलेला. निळा : गादी निघते, चार स्क्रू, आत तारांना वळायला मोकळी जागा. काकांनी बिजागरी दोनदा उघड-मीट केली, कानाशी धरून. इथली तार तुटली की एक कान बंद पडतो, आणि त्यांच्याकडे सगळ्यात जास्त हेच काम येतं.

गाद्यांचं नकली चामडं नागपुरी घामाने सोलतंच. आज ना उद्या गादी बदलावी लागणार. म्हणून दुकानात गादी निघते का विचारा, आणि दुकानदाराला काढून दाखवायला सांगा.

कानांचं एक : आठवड्याला ४० तास ऐकणार असाल तर आवाज ८० डेसिबलच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

(दृश्य : निळा दिवा लुकलुकतो. पोट्टा हेडफोन घालतो.)

“दोन्हीकून येऊन राहिला का?”

“हो काका.”

(दृश्य : काका दिवा पुढच्या हेडफोनकडे वळवतात. बाहेर बर्डीची गर्दी, मूळ आवाजासह.)